तेरा मार्चचं उद्घाटन

"गुंडाळा," सुरोशे सर म्हणाले, आणि कोणी पुढे होईना म्हणून स्वतःच गुंडाळायला लागले.

प्रयोगशाळेच्या दाराला आडवी बांधलेली लाल फीत ते तिसऱ्यांदा सोडत होते. सुरकुती पडू नये म्हणून त्यांनी ती एका रिकाम्या खोक्याभोवती बेताबेताने गुंडाळली आणि कात्रीसकट कपाटात ठेवून दिली. सकाळी आठपासून पोरं उन्हात उभी होती. लेझीमवाली बारा, स्वागतगीतवाल्या सहा, आणि हार धरायला एक. पावणेअकराला केंद्रप्रमुख धाबे सरांचा फोन आला, की उद्घाटनाला येणाऱ्या सभापतींना अचानक दुसरीकडे जावं लागलं, पुढची तारीख कळवतो. मुख्याध्यापक म्हणून सुरोशे सरांनी फोनवरच तीनदा "बरं सर" म्हटलं.

मी टेंभुर्ड्याच्या त्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवायचे. माझं नाव बेबीनंदा तायडे. त्या दिवशी मी ठेवणीतली जांभळी साडी नेसून आले होते. पहिल्या दोन तारखांनाही तीच नेसले होते. आता गावातल्या बाया ती साडी दिसली की "आज बी सायेब येनार नाहीत वाटते" म्हणायला लागल्या होत्या.

सातवीतली शिवकन्या घुगे हार दोन्ही हातांनी धरून माझ्याजवळ आली.

"मॅडम, या हाराचं काय करू?"

"बकरीला घाल."

ती हसली नाही. दाराच्या कुलपाकडे बघत म्हणाली, "एक इचारू? आतमधी खरंच सामान हाय? का नुसतं कुलूपच हाय?"

"आहे गं. खोकी मी स्वतः उतरवून घेतलीत."

"मंग तुमी तं पाह्यलं. आमी कवा पाहू?"

अशा वेळी मास्तर लोक जे करतात तेच मी केलं. तिला रागावून वर्गात पाठवलं.

आता हे सामान काय, ते सांगते. आदल्या जूनमध्ये जिल्ह्याच्या गावी पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. काही निवडक शाळांना तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा मिळणार होती, आणि तिथून एकेक शिक्षक बोलावला होता. तरुण शिक्षक पाठवा, असं पत्रात होतं. आमच्या शाळेतला एकुलता एक तरुण मतदारयादीच्या कामाला जुंपलेला, म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी मी गेले. शिकवणारा पोरगा पंचविशीचा. हजेरी घेताना माझ्या नावाशी अडखळला आणि हसला. "बेबीच आहे. तू शिकव," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवर चार ओळी लिहिल्या आणि तळहाताएवढ्या सर्किटच्या पाटीवरचा एक बारका लाल दिवा लुकलुकायला लागला. मी सांगितलं तेव्हा पेटला, मी सांगितलं तेव्हा विझला. तीस वर्षं मी फळ्यावर विजेची आकृती काढत आले होते, आणि माझं सांगणं ऐकणारी वीज मी पहिल्यांदा बघत होते. त्या दिवशी मी जेवायला गेलेच नाही. त्या पोराने दोनदा बोलावलं, मी त्याला हातानेच जा म्हटलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

जुलैत पाच खोकी आली. चार लॅपटॉप, तसल्या पाट्या, तारा, छोट्या मोटरी, पाणी, उजेड, ऊन ओळखणारे सेन्सर. टेम्पोतून उतरली ती थेट कुलपात गेली. उद्घाटन झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं धाबे सरांनी बजावलं होतं. दाराशेजारी संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर सभापतींचं नाव ठसठशीत, खाली उतरत्या अक्षरांत बाकीच्यांची, तळाशी सुरोशे सरांचं. वरून निळा मखमली पडदा. सगळं तयार होतं, तारीख तेवढी नव्हती.

मला गप्प बसवेना. म्हणून मीच मशीन झाले.

"तीन पावलं पुढे. उजवीकडे वळ. समोर काही असेल तर थांब." पोरांनी वहीत असं लिहायचं, एकाने मोठ्याने वाचायचं आणि मी पटांगणात तसं चालायचं. मशीनने लिहिलेलं तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा नियम. शिवकन्या एकदा 'थांब' लिहायला विसरली आणि मी अख्ख्या शाळेदेखत कडुलिंबाला जाऊन धडकले. कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"मॅडम, तुमाले झाड दिसत नव्हतं?" पोरीचं तोंड उतरलं होतं.

"दिसत होतं की. तू थांब कुठं म्हणालीस?"

त्यानंतर तिच्या वहीत एक ओळ कमी पडली नाही. आठ महिने सातवीची ती अकरा पोरं न पाहिलेल्या मशीनसाठी लिहीत राहिली. शिवकन्याने सगळ्यात जास्त पानं नळावर भरली होती. गावाचा नळ पाचव्या दिवशी यायचा, पण कधी, ते कोणालाच ठाऊक नसायचं, आणि अर्ध्या तासात जायचा. मायबाप रानात, म्हणून शिवकन्या शाळा बुडवून नळाजवळ बसायची. तिने लिहिलं होतं, 'तोटीत पाणी आलं तर घंटी वाजव. नाही आलं तर गप राहा.' वही माझ्यापुढे धरून तिने विचारलं होतं, "हे खरंच वाजेन?" मी हो म्हटलं होतं. आता ते हो मला निभवायचं होतं.

त्यात निवडणूक लागली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आचारसंहिता सुरू झाली आणि सोमवारी ग्रामसेवक खळ आणि जुने पेपर घेऊन गावातल्या नावांच्या पाट्या झाकत हिंडायला लागले. आमच्या पाटीवर आधीच पडदा. ते जरा विचारात पडले. मग त्यांनी पडदा काढला, पाटीवर पेपर चिकटवला आणि पडदा पुन्हा लावला.

"नियम म्हणजे नियम, मॅडम," ते म्हणाले.

मी वर्गात जाऊन दिनदर्शिका उघडली. मे अखेरपर्यंत आता कसलंच उद्घाटन होणार नव्हतं. एक मेला शाळेचा निकाल. आमची शाळा सातवीपर्यंत. त्या दिवशी ती अकराही पोरं दाखला घेऊन निघून जाणार होती, आणि आठवीत कोणत्या शाळेत असलं काही मिळणार होतं? तडक सुरोशे सरांच्या खोलीत गेले.

"सर, उघडू या."

काय उघडायचं, हे त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढून पुसायला घेतला.

"मॅडम, माझी दोन वर्षं राहिली. मला सुखाने निवृत्त होऊ द्या."

"पोरांचा दीड महिना राहिलाय."

"पुढच्या वर्षीची पोरं वापरतील. सामान काय पळून चाललं का?"

"सामान नाही पळत, सर. पोरं चालली."

"चावी माझ्याजवळ आहे आणि ती मी देणार नाही. कुलूप तोडलं तर मला वर कळवावं लागेल. स्पष्ट सांगतो." माणूस भित्रा होता, पण मागून काही करणारा नव्हता. जे करणार ते तोंडावर सांगायचा, म्हणून मला त्यांचा पुरता राग कधी आला नाही.

शाळेची एक व्यवस्थापन समिती असते. अध्यक्ष पालकांतला लागतो. त्या वर्षी कोणी तयार होईना, आणि बाई असली तर बरं, असं ठरलं, म्हणून शिवकन्याची आई पंचफुला अध्यक्ष झाली होती. महिन्यातून एकदा यायचं आणि सुरोशे सर बोट ठेवतील तिथं सही करायची, एवढंच तिचं अध्यक्षपद. शाळा कशी वापरायची हे ठरवायचा अधिकार या समितीला असतो, हे आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं आणि कोणी मनावर घेतलेलं नव्हतं. मी बैठकीचा निरोप धाडला.

तेरा मार्चला, दुपारी बारा वाजता, सकाळची शाळा सुटल्यावर समिती बसली. पंचफुला हरभरा सोंगून थेट आली होती. विळा तिने दाराबाहेर ठेवला आणि खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसली. आणखी चार पालक होते.

"कुठी करू सही?" तिने विचारलं.

"थांब. आज आधी ऐक. ठराव मी लिहिलाय." मी वाचून दाखवलं, की प्रयोगशाळेचं उद्घाटन समितीच्या अध्यक्षांच्या हातून करावं आणि ती आजपासून मुलांना खुली करावी.

"अध्यक्ष म्हंजे मीच ना?"

"तूच."

"मले कायचं येते उद्घाटन?"

"अगं, फीत कापायची."

"सकायपासून कापाचंच काम करून रायली," ती म्हणाली आणि चौघेही हसले. ती हसली नाही. लेकीचा स्वभाव कुठून आला ते मला तेव्हा कळलं. "मॅडम, याच्यात माह्या पोरीवर काही बालंट येईन का?"

"तिच्यावर नाही. माझ्यावर येईल."

"अन् नाही केलं तं?"

"मग कोणावरच काही येणार नाही. पोरगी सातवी होऊन घरी जाईल."

पंचफुलाने पेन मागितला. तिची सही म्हणजे एकेक अक्षर वेगळं काढायचं काम असायचं. तिने ते घाई न करता केलं.

"माझा विरोध लिहा!" सुरोशे सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला होता.

"लिहिला, सर. हा बघा."

"चावी देणार नाही. फीतही देणार नाही. आणि कुलूप तोडायचं नाही!"

"नाही तोडणार."

मी हे बोलून गेले खरी, पण दार कसं उघडायचं हे मला ठाऊक नव्हतं. बाहेर आले तर सातवीची पोरं दारापाशी गोळा झालेली. शिवकन्या कडीवर बोट ठेवून उभी होती.

"मॅडम, कुलूप कडीत हाय. अन् कडी चार इस्क्रूवर हाय. इस्क्रू तं बाहेरूनच हायेत."

आठ महिने त्या दाराकडे सगळ्यांत जास्त कोणी बघितलं असेल, तर तिने. एक पोरगा पळत गिरणीतून पेचकस घेऊन आला. चार स्क्रू आणि अकरा पोरं, म्हणून प्रत्येकाने थोडा थोडा पिळला. चौथा निघाला तशी कडी दारावरून सुटली आणि कुलपासकट चौकटीला लोंबत राहिली. सुरोशे सर धावत आले.

"कुलूप?"

"बंद आहे, सर. ओढून बघा."

त्यांनी खरंच ओढून बघितलं.

आता फीत नव्हती. शिवकन्याने एका वेणीची लाल रिबीन सोडली आणि चौकटीच्या दोन खिळ्यांना बांधली. मी पंचफुलाला कात्री दिली. तिने कात्री बघितली, रिबीन बघितली.

"कायले कापू व माय? नवीच हाय," असं म्हणून तिने गाठ सोडली, रिबीन लेकीच्या हातात दिली आणि दार ढकललं.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पोरं आत घुसली.

पुढचे चार आठवडे रोज सकाळची शाळा सुटली की आम्ही कडी काढायचो आणि दोन वाजता परत बसवायचो. शिवकन्याच्या वहीतल्या ओळी पहिल्या दिवशी चालल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी भांड्यातल्या पाण्यात दोन तारा बुडवल्या आणि घंटी वाजली. तिने तारा बाहेर काढल्या, घंटी थांबली. पुन्हा बुडवल्या. असं तिने वीसदा तरी केलं. मग शाळेच्या भिंतीपलीकडच्या नळापर्यंत तारा नेल्या, एक टोक तोटीत, दुसरं आमच्या खोलीत. आमची घंटी वाजली की पोरं गल्लीत ओरडत सुटायची, आणि बाया हंडे घेऊन धावायच्या. सुरोशे सर दोन वाजेपर्यंत आपल्या खोलीत तोंड भिंतीकडे करून बसायचे. मात्र गिरणीचा पेचकस परत केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक नवा कोरा पेचकस पडलेला होता. मी विचारलं नाही.

दहा एप्रिलला धाबे सर आले. शाळेत मतदान केंद्र होतं, त्याची पाहणी करायला. उन्हाची वेळ, म्हणून आम्ही दार लोटून घेतलं होतं. त्यांनी कुलूप ओढून बघितलं. पक्कं बंद. आणि आतून अकरा पोरांचा कालवा. ते किती वेळ तिथं उभे होते कोण जाणे. मग त्यांनी दाराला हात लावला आणि दार उघडलं.

"हे काय चाललंय?"

सगळे उठून उभे राहिले. धाबे सर लालबुंद झाले होते. "तायडे मॅडम, कोणाच्या परवानगीनं? उद्घाटन झालेलं नाही! अजून एक साधं…"

घंटी वाजली.

"नळ!" शिवकन्या ओरडली आणि अर्धी पोरं धाबे सरांच्या हाताखालून बाहेर पळाली. साहेब समोर उभे आहेत हे त्यांना दिसलंच नाही. धाबे सर माझ्याकडे, घंटीकडे आणि रिकाम्या बाकांकडे बघत राहिले.

सुरोशे सरांच्या खोलीत जाऊन त्यांनी ठराव वाचला. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "खुलासा लिहा."

मी तीन ओळी लिहिल्या. 'प्रयोगशाळा मी उघडली. मुलं सातवीत आहेत. जूनमध्ये ती इथे नसतील.'

"याला खुलासा म्हणतात? यात माफी कुठंय?"

"नाहीये, सर."

त्यांनी कागद घडी करून आपल्या फाईलीत ठेवला. आवाज खाली आला. धाबे सर दुष्ट नव्हते, त्यांनाही वरून कोणी तरी झापणारं होतं. "हे बघा, हा कागद मी पाठवत नाही. निवडणूक झाली की उद्घाटन होईल आणि ते पहिलंच असेल. सगळं नव्यासारखं दिसलं पाहिजे. कार्यक्रम नीट पार पडला की कागद तुमच्यासमोर फाडतो. नाहीतर साठ किलोमीटर लांबची शाळा. माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. साठ किलोमीटर मला झेपणार नव्हतं. मी मान हलवली. हे सांगताना आजही मला माझाच राग येतो, पण हलवली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी सगळं उलगडलं. "दाखवाले ठेवाचं नाही का थोडं?" शिवकन्याने विचारलं. "नाही," मी म्हटलं, आणि तिच्याकडे बघितलं नाही. नळातल्या ताराही तिने काढून आणल्या, फडक्याने पुसल्या आणि पिशवीत घातल्या. सुरोशे सरांनी लॅपटॉपच्या पडद्यांवर ते पातळ प्लॅस्टिक पुन्हा चिकटवलं. नखाने हवा काढत ते तासभर बसले होते, तरी बुडबुडे राहिलेच. एक मेला निकाल लागला. अकरा दाखले मी माझ्या हाताने लिहिले.

उद्घाटन जुलैच्या पहिल्या शनिवारी झालं. सभापती खरंच आले. लेझीम झालं, स्वागतगीत झालं, कपाटातली फीत निघाली आणि एकदाची कापली गेली. पाटीचा पडदा ओढला तर खाली मार्चमधला पेपर, अर्ध्या पानाची बियाण्याची जाहिरात. ग्रामसेवक काढायला विसरले होते. सुरोशे सरांनी ओल्या रुमालाने घासून तो काढला, सभापतींच्या नावातली तीन अक्षरं दिसेपर्यंत, आणि तेवढ्यावर फोटो झाले.

आत प्रात्यक्षिक होतं. पुढ्यात हात धरला की दिव्यांची 'स्वागतम्' अशी अक्षरं पेटणार होती. ते मांडायला तालुक्याहून खास एक गुरुजी आले होते. मला त्यात घेतलेलं नव्हतं. सभापतींनी हात धरला. काही पेटलं नाही. त्यांनी हात काढून पुन्हा धरला. तिसऱ्यांदा धरला. गुरुजींच्या कानामागून घाम वाहत होता. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला.

"काळी तार चुकली," मागून आवाज आला.

समितीची अध्यक्ष म्हणून पंचफुलाला शेवटच्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली होती. तिच्या मागे शिवकन्या उभी होती. शाळेत असताना तिला दोन वेण्या असायच्या, आता एक होती. माणसं बाजूला होत गेली आणि ती पुढे आली. काळी तार एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली, मग लॅपटॉपवर वाकून एक ओळ खोडली आणि नवी लिहिली.

"आता धरा हात, सायेब."

'स्वागतम्' पेटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सभापतींचा चेहरा खुलला, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळले. "पाहा! आपल्या योजनेचं फळ म्हणतात ते हे. बाळ, नाव काय तुझं?"

"शिवकन्या घुगे."

"वा! पण उद्घाटन तर मी आत्ता केलं. तू हे कधी शिकलीस?"

सगळे हसले. धाबे सर हसले नाहीत. फाईल काखेत घट्ट धरून ते माझ्याकडे बघत होते, आणि शिवकन्याही माझ्याकडेच बघत होती. मी भिंतीकडे बघितलं. आज शिकले म्हणाली असती, तर सगळ्यांचंच भलं होतं, माझंही. तसं म्हणायला मी तिला सांगितलं नव्हतं, पण म्हणू नकोस असंही सांगितलं नव्हतं.

"तेरा मार्चले," ती म्हणाली.

"तेरा मार्चला काय होतं?"

"उद्घाटन. माह्या मायनं केलं. ते काय, तिथी बसेल हाय."

खोलीभर माना मागे वळल्या. पंचफुला खुर्चीवरून उठली. नमस्कार केला नाही, पदर सारखा केला नाही, नुसती ताठ उभी राहिली. सभापतींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, त्याचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. धाबे सर गर्दीतून माझ्यापर्यंत आले आणि कानाशी वाकले.

"मॅडम, आवरा तुमच्या पोरीला. अजून वेळ गेली नाही. चुकून बोलली म्हणा, लहान आहे म्हणा. मी सांभाळून घेतो."

फाईलीतून माझ्या कागदाची कड बाहेर आलेली मला दिसत होती. तो कागद काही फाडला गेला नाही. ऑगस्टमध्ये माझी बदली झाली आणि निवृत्तीपर्यंत मी त्या साठ किलोमीटरवर पहाटेच्या एसटीने जात राहिले. हे सगळं होणार, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. पण पोरगी भर सभेत उभी होती, तिची माय उभी होती, आणि मी, त्यांची बाई, भिंतीकडे तोंड करून. मला स्वतःची शिसारी आली. मी वळले आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हटलं,

"मी कशी आवरू, सर? एक मेला दाखला दिलाय तिला. ती आता आपल्या शाळेत नाही."